गेट दिसेल तसंच ठेवा

मेरेरिद : तो चहा खाली ठेवा बाबा, आणि माझ्याकडे बघून सांगा. माझे सहा पाहुणे कुठे आहेत?

एमरिस : आहेत की. सगळे सुखरूप. मोजलेत मी.

मेरेरिद : मोजलेत? मोजायला ती माणसं आहेत का मेंढ्या?

एमरिस : मला माणसंच वाटली. फ्लॉसचं मत वेगळं पडलं.

मेरेरिद : बाबा!

एमरिस : ओरडू नकोस, ऐक. डोंगरावर धुकं उतरलं. तुझे ते डच सायकलवाले वाट सोडून रानात पांगले. दोन इकडे, तीन तिकडे. ती लाल हेल्मेटवाली बाई तर सायकल खांद्यावर घेऊन ओढ्यात उभी. त्यांच्या देशात टेकाडसुद्धा नाही, आणि निघाले डोंगर उतरायला! मी खालच्या गेटाशी होतो. शीळ घातली. एकच.

मेरेरिद : आणि तुमची ती फ्लॉस कुत्री सुटली.

एमरिस : सुटली म्हणजे काय! मेंढ्या विकल्यापासून आठ महिने जी पायपुसणं सोडत नव्हती, ती पोट जमिनीला लावून अशी गेली म्हणतेस! वरून वळसा घातला आणि सहाच्या सहा जण खाली आणले. सायकलींसकट. एकाला दात दाखवले असतील, पण चावली नाही.

मेरेरिद : खाली म्हणजे कुठे?

एमरिस : कुठे म्हणजे? मेंढवाड्यात.

मेरेरिद : अरे देवा! माझ्या धंद्यातले पहिले पाहुणे! छापलंय काय मी? चार दिवस सायकल, मोकळा डोंगर, घरचं जेवण. आणि पहिल्याच दिवशी कोंडवाडा! बरं, मग पुढे?

एमरिस : पुढे काय? आत आले की गेट लावायचं. लावलं. आणि चहाला आलो.

मेरेरिद : गेट लावून चहाला आलात?

एमरिस : पन्नास वर्षं तेच केलं गं. हात आपोआप गेला. कडी वाजली तेव्हा कसं बरं वाटलं, काय सांगू.

मेरेरिद : किती वेळ झाला याला?

एमरिस : हा दुसरा कप आहे.

मेरेरिद : म्हणजे अर्धा तास! पण मग ते बाहेर का नाही आले? गेटाला कुलूप थोडंच आहे?

एमरिस : तू त्यांना जो कागद दिलास, त्यावर सगळ्यात वर काय आहे?

मेरेरिद : ‘गेट दिसेल तसंच ठेवा.’

एमरिस : लावलेलं दिसलं, लावलेलं ठेवलं. शिस्तीची माणसं आहेत. मला आवडली.

मेरेरिद : तुम्हीच लिहायला लावलंत ते! ‘एवढं लिही, मग आण तुझी सायकलवाली वरात.’ आता चला, माफी मागायची.

एमरिस : मागतो. पण आधी फ्लॉसचं ताट बघ.

मेरेरिद : ताटाचं काय मध्येच?

एमरिस : बघ तर.

मेरेरिद : ...रिकामं आहे.

एमरिस : चाटून पुसून. कालचं रात्रीचं तसंच पडलं होतं, परवाचंही. आज आली, सगळं खाल्लं आणि परत गेली मेंढवाड्यापाशी राखण करायला.

मेरेरिद : आणि उद्या सकाळी गेथिन तिला न्यायला येतोय.

एमरिस : शब्द दिलाय. त्याच्याकडे चारशे मेंढ्या आहेत. माझ्याकडे काय आहे? काम नसलं की अशी कुत्री झुरते. मला का ती जायला हवीय? पण माझ्या सोबतीसाठी तिला उपाशी ठेवू?

मेरेरिद : तुम्हीही काही पोटभर जेवत नाही म्हणा.

एमरिस : तुझा स्वयंपाक आहे तो.

(मागच्या दारात लाल हेल्मेट, चिखलाने माखलेली बाई. तिच्या पायाशी फ्लॉस.)

आनेलीस : माफ करा. गेट मी उघडलं नाही हं. वरून चढून आले.

मेरेरिद : या, या, आनेलीस! कुठल्या तोंडाने माफी मागू तुमची? हे माझे बाबा, यांनीच—

आनेलीस : एकच विचारायचं होतं. आम्ही अजून किती वेळ आत राहायचं? नवरा म्हणतो, हा सहलीचाच भाग आहे. आम्हाला वाटलं, वेल्समध्ये असंच करतात.

एमरिस : करतात की. पण फक्त चांगल्या पाहुण्यांना.

मेरेरिद : बाबा, गप्प बसा.

आनेलीस : धुक्यात मला स्वतःचा हात दिसत नव्हता. मी ओढ्यात उभी राहून रडत होते. नवऱ्याला सांगू नका. मग ही आली. पायाला नाक लावलं आणि ढकलतच निघाली मला. उद्या वरच्या वाटेने जायचंय ना? ही असेल तरच मी येईन. नाहीतर इथेच बसून केक खाईन.

मेरेरिद : उद्या ती... बाबा, तुम्हीच सांगा त्यांना.

एमरिस : किती वाजता निघायचंय?

आनेलीस : नऊला.

एमरिस : साडेआठला निघू. नऊनंतर वर वारा सुटतो. माझी टोपी कुठे आहे?

मेरेरिद : डोक्यावर. आता कुठे निघालात?

एमरिस : पाच जण आत आहेत अजून. गेट मी लावलं, मीच उघडतो. तू गेथिनला फोन लाव.

मेरेरिद : काय सांगू?

एमरिस : सांग, फ्लॉसला वेळ नाही.