जेवून आलात का?

मी म्हणतो, ‘जेवून आलात का’ हा काय दवाखान्यात विचारायचा प्रश्न झाला? अहो, हा मांडवात विचारायचा प्रश्न! व्याह्याला विचारा, जावयाला विचारा… हातात सुई धरून कोणी विचारतं? बसा, बसा, जरा लांबच बसा, आणि तो मास्क नाकावर घ्या आधी, हनुवटीला काय कोरोना होतो? हां. तर तुम्हाला सांगतो, त्या एका प्रश्नापायी आमच्या घरात पंधरा दिवस महाभारत झालं, आणि सुई राहिली बाजूला!

आता आमचं घर म्हणजे काय, तर मी न्यालचंद, भांड्यांचं दुकान, मुलगा बसतो गल्ल्यावर, मी बसतो ओट्यावर आणि आमची इंदुमती बसते उपासाला. वर्षीतप धरलंय तिनं, आम्हा जैनांचं मोठं व्रत. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, पुन्हा उपास, पुन्हा जेवण, असं वर्षभर आणि वर महिनाभर, आणि आखात्रीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाचा रस पिऊन ते सोडायचं. आणि उपास म्हणजे फराळाचा नव्हे हं! उकळून गार केलेलं पाणी, बस्स, तेही सूर्य वर आहे तोवर. गेल्या वर्षी फागणात तिनं सुरू केलं आणि मागोमाग टाळेबंदी लागली. सगळं गाव घरात बसून खातंय… कोणाकडे ढोकळा, कोणाकडे हांडवो, गल्लीभर फोडणीचा वास… आणि ही खिडकीत बसून माळ ओढतेय. मी तिच्यासमोर गांठिया खायचो. चोरून नाही, समोर. म्हणायचो, ‘एक घे गं, देव काय दुर्बीण लावून बसलाय?’ ती नुसती हसायची.

पण दिवाळीत समोरचे चिमनभाई गेले आणि माझं हसणं गेलं. चांगला धडधाकट माणूस, दोन दिवस खोकला काय झाला, राजकोटला नेला काय… आणि परत आला तो नुसता फोन. इतक्या वर्षांचा शेजार, खांदासुद्धा देता आला नाही. त्या दिवसापासून मी इंदुमतीकडे बघायला लागलो. मनगटं ही एवढीशी झालेली, बांगड्या कोपरापर्यंत जातात. हिला गाठलं त्या रोगानं तर? मला भीती वाटायला लागली, सरळ सांगतो. म्हणून मार्चात जाहीर झालं ना, म्हाताऱ्यांना लस, तेव्हा मी म्हटलं, गावात पहिला नंबर आपला!

तर ओट्यावर बटुकभाई दवे. पोस्टातून निवृत्त झालेत, पण बातम्या वाटायचं काम अजून चालू आहे. म्हणाले, ‘न्यालचंद, तू व्यापारी माणूस ना? पहिला माल कधी भरतो का आपण? गिऱ्हाइकं वापरतील, परत आणणार नाहीत, मग भरायचा!’ बोलणं खोटं नाही हो, आमच्या धंद्यात हाच नियम! नव्या कुकरची पहिली खेप मी कधी घेतली नाही. म्हटलं, ‘बटुकभाई, कुकर फुटला तर बदलून मिळतो, बायको कुठे बदलून मिळते?’ तर म्हणतात, ‘ऐक तर खरं! लस घेतली की हात वर जात नाही. आणि महिनाभर तळलेलं बंद.’ तळलेलं बंद? गांठियाशिवाय महिना? मग कोणी म्हणालं सर्दी असेल तर घेऊ नये, कोणी म्हणालं रक्तदाबाची गोळी चालू असेल तर विचारून घ्यावी, कोणी म्हणालं घेतल्यावर मास्क फेकून द्यायचा… प्रश्नांची अशी माळ लागली की संध्याकाळ झाली, आणि सुई राहिली बाजूला!

शेवटी गेलो. दवाखान्यात लस सोमवार, बुधवार, शुक्रवार, म्हणजे एक दिवसाआड. आता हिचा उपासही एक दिवसाआड. आलं लक्षात? नाही ना? माझ्याही नाही आलं! सोमवारी रांगेत उभे. पुढे एक बा, वय झालेलं, काठी टेकत विचारते, ‘बेन, या सुईत कंदमूळ तर नाही ना? आम्हाला वर्ज्य हो.’ सिस्टर म्हणाली, ‘बा, बटाटा कोणी टोचतं का?’ सगळी रांग हसली. मीसुद्धा हसलो. मग आमचा नंबर आला, आणि सिस्टरनं तो प्रश्न टाकला.

‘जेवून आलात का?’

मी पटकन म्हटलं, ‘हो हो, थेपले! दोघांनी! छुंद्याबरोबर!’ आणि ही बाजूनं खणखणीत आवाजात, ‘खोटं कशाला बोलता? बेन, माझा उपास आहे.’ संपलं! सिस्टर म्हणाली, ‘मग नाही देता येणार हो बा, चक्कर आली तर? परवा या, खाऊन या.’ ‘परवाही उपास आहे.’ ‘बरं, शुक्रवारी?’ ‘शुक्रवारीही.’ सिस्टरनं सुई खाली ठेवली. ‘बा, तुम्ही जेवता तरी कधी?’ तर ही शांतपणे म्हणते, ‘तुम्ही सुई देत नाही त्या दिवशी.’

निघालो, घरी परत. रस्ताभर मी बडबडतोय, ‘एक थेपला काय पोटात गेला असता तर आभाळ कोसळणार होतं?’ ती म्हणते, ‘खोटं पोटात गेलं असतं त्याचं काय?’ तिच्याशी वादात कोण जिंकलंय आजवर? मी तर नाही.

पण मी कॅलेंडर काढलं. रविवार मध्ये येतो ना, तो सगळं एक घर सरकवतो! पुढच्या आठवड्यात सोमवार म्हणजे हिचा जेवणाचा दिवस! तुम्हाला सांगतो, शाळेत गणिताला बाई मला उभं करायच्या, पण त्या दिवशी मी स्वतःची पाठ थोपटली. सोमवारी सकाळी नवा सदरा घालून तयार. ही ताटावर बसलेली, मूग खातेय सावकाश. म्हटलं, ‘उरक, उरक, रांग लागेल.’ तर म्हणते, ‘मी नाही येत आज.’

का? आता का? तर म्हणाली, ‘आज टोचलं तर ताप कधी येणार? आज रात्री नाहीतर उद्या. उद्या माझा उपास. म्हणजे आज सूर्य बुडाल्यापासून ते परवा सकाळपर्यंत तोंडात गोळी नाही. ताप घेऊन काय करू, मांडीवर बसवू? त्यापेक्षा उपासाच्या दिवशी टोचलं तर काढायची ती एक रात्र, सकाळी जेवणाचा दिवस, गोळी घ्यायला मोकळी.’ बघा म्हणजे! जेवलेल्या दिवशी ही जाणार नाही, आणि उपासाच्या दिवशी ते देणार नाहीत! खाल्लं तरी पंचाईत, नाही खाल्लं तरी पंचाईत, आणि सुई राहिली बाजूला!

मी चिडलो. काय काय बोललो… म्हटलं, ‘सोड तो उपास! इतके महिने केलास ना, देव पावती देतो बाकीची! आणि ताप आलाच तर घे एक गोळी, कोण बघतंय?’

‘मी बघते ना,’ म्हणाली.

मग मी तिच्या ताटासमोर बसलो. म्हटलं, ‘इंदु, चिमनभाई पण म्हणत होते मला काही होणार नाही. मी काय करायचं मग? या ओट्यावर एकटा बसून कोणासमोर गांठिया खायचा?’ आता हे काय बोलणं झालं? पण तेच आलं तोंडात. तिनं ताट बाजूला केलं, हात धुतले, म्हणाली, ‘अहो, मला तप पुरं करायचंय आणि मला जगायचंही आहे. दोन्ही. यातलं एक सोड असं मला सांगू नका. त्या सिस्टरशी नको, डॉक्टरांशी बोलते मी. आणि मीच बोलणार, तुम्ही थेपले घेऊन मध्ये पडू नका.’

झालं. पुढच्या आठवड्याचा सोमवार, उपासाचा. डॉक्टर परमार, वयानं आमच्या मुलाहून लहान, पण ऐकून घेणारा माणूस. हिनं सगळं सांगितलं, वर्षीतप काय, गोळी कधी चालते, कधी नाही. त्यानं नाडी बघितली, रक्तदाब बघितला. विचारलं, ‘बा, उपासाच्या दिवशी कधी चक्कर येते?’ ही म्हणाली, ‘उपासानं नाही येत. हे बोलायला लागले की येते.’ डॉक्टर हसून हसून लाल! म्हणाला, ‘खाऊन या असं आम्ही म्हणतो ते कोणी घेरी येऊन पडू नये म्हणून. तुमच्या शरीराला सवय आहे, सगळं ठीक आहे. आता तुमचं ते पाणी पिऊन घ्या, पलंगावर आडवं पडून सुई घ्या आणि माझ्या नजरेसमोर जास्त वेळ थांबा. रात्री बरं वाटलं नाही तर मला कळवायचं, उपास आहे म्हणून अंगावर काढायचं नाही. कबूल?’ ‘कबूल.’ अहो, एवढंच होतं? पंधरा दिवस आम्ही घरात भांडलो, आणि विचारायला कोणी गेलं नाही! मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘काका, तुम्ही खाल्लंय ना?’ म्हटलं, ‘पोटभर.’ ‘मग तुम्ही का थरथरताय?’

थरथरत होतो मी. ती पलंगावर आडवी पडली, सिस्टर सुई भरतेय, ते मनगट दिसतंय… आणि मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले. म्हटलं, दादा आदेश्वर, मी तुझ्यासाठी कधी एक वेळ उपाशी राहिलो नाही. आज चौविहार धरतो. सूर्य बुडाला की अन्न नाही, पाणी नाही, तोंड बंद थेट सकाळपर्यंत… पण हिला काही होऊ देऊ नकोस. ताप नको, चक्कर नको, काही नको. तुम्हाला सांगतो, रोज रात्री नऊला चहा-गांठिया खाणारा माणूस मी! पण निघून गेलं मनातून.

टोचलं तिला. मग मला. मुंगी चावावी तसं, बस्स. बसलो बाकावर. ही टुणटुणीत! शेजारच्या बाईला खाखऱ्याची कृती सांगतेय, पोटात अन्नाचा कण नाही आणि खाखरा असा लाट, तसा शेक! सिस्टर एकेकाला सांगत होती, तळलेलं चालेल, हात दुखेल, मास्क काढायचा नाही, दुसरी सुई चुकवायची नाही. मी मनात म्हटलं, जिंकलो!

घरी आलो. दुपार गेली. हिला काही नाही. हात थोडा दुखतो म्हणाली, तेवढंच. सूर्य बुडायला आणि मला हुडहुडी भरायला एकच गाठ पडली! मला! पोटभर खाल्लेल्याला! दात कडकड वाजतायत, अंग भाजतंय, गोधडीवर गोधडी… ही पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आली. ‘घ्या.’ म्हटलं, ‘नको.’ ‘अहो, घ्या, डॉक्टरनीच दिलीय.’ ‘नको म्हटलं ना!’ ‘का नको?’ आता काय सांगू? तोंडावर गोधडी ओढली. तिनं कपाळाला हात लावला, म्हणाली, ‘तुम्ही काहीतरी केलंय.’ चाळीस वर्षांचा संसार, लपतं का काही? सांगून टाकलं. चौविहार धरलाय म्हटलं. तुझ्यासाठी.

तिनं पेला ठेवला, पदर ओला केला आणि माझ्या कपाळावर ठेवला. मला वाटलं रडतेय. बघतो तर हसतेय! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतेय बाई! म्हणाली, ‘अहो, ताप मला नको म्हणालात, तो मग कोणाकडे पाठवायचा हे नाही सांगितलंत. पत्ता लिहिला नाही, तर टपाल परत घरीच येणार ना!’ पण उठली नाही जागची. डॉक्टरला फोन केला, त्यानं सांगितलं घाबरू नका, उतरेल, नाही उतरला तर मला बोलवा. पट्ट्या ठेवत राहिली. सकाळी सूर्य वर आल्यावर गोळी दिली मला, ताप उतरला, आणि मग तिनं स्वतःचं पारणं केलं, मूग आणि खाखरा, माझ्यासमोर. मी बघत बसलो.

आणि गावात काय झालं माहीत आहे? गल्लीतल्या बायका म्हणाल्या, उपाशी पोटी इंदुबेननं घेतली, तिला काही झालं नाही, मग आपण तर जेवतो! लागली रांग! बटुकभाईसुद्धा गेले. मला म्हणाले, ‘मी तुझ्याकडे बघून नाही हं घेतली, वहिनीकडे बघून घेतली.’ घेतली ना? पुरे मला. आता आखात्रीजेला रस पाजायचा हिला माझ्या हातानं, आणि तो मी पाजणार, आता मला भीती नाही.

फक्त एक चूक झाली. देवाशी झालेला सौदा मी बायकोला सांगितला. आता दुसरी सुई जवळ आली तर म्हणते, ‘मागच्या वेळी तुमच्या चौविहारानं मला काही झालं नाही, या वेळी पण धराल ना?’ परवा तिचं ढोपर दुखत होतं, तर मलम राहिलं कपाटात आणि रात्रीचा गांठिया बंद झाला माझा. काल शेजारच्या बाई येऊन विचारून गेल्या, भाई, आमच्या यांच्या मोतीबिंदूसाठी जमेल का?… म्हणून तुम्हाला सांगतो, बायकोसाठी देवाकडे मागायचं असेल तर जरूर मागा. देव देतो. पण मागितलं हे बायकोला सांगू नका!