पोळपाटावरचं मामंजी

मी मूळची मिरजंची. आमचं आबा सतारीच्या कारखान्यात लाकूडकाम करायचं, त्यामुळं पटाशी म्हंजी कोरायचं हत्यार माझ्या हातात ल्हानपणापास्नं. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी माझा हात बघितला आन् मला सांगलीला छापचित्राच्या वर्गाला घातलं. फळीवर चित्र कोरायचं, शाई लावायची, वर कागद ठेवायचा आन् यंत्राचं चाक फिरवायचं, की चित्र कागदावर. काय सांगू तुमाला, त्या चाकाच्या आवाजावर मी तानभूक इसरायची.

मग लगीन झालं म्हसवडच्या कडंला. हितं कुठलं यंत्र आन् कुठली शाई? पर हात शिवशिवायचा वो. मी जळणातली ढलपी कोरली, तव्याच्या बुडाची काजळी खरडली, जवसाच्या तेलात घोटली, झाली शाई. चिंधीच्या बोळ्यानं लावायची, वर वाण्याच्या पुड्याचा कागद, आन् यंत्र न्हाई तर वाटीच्या बुडानं रगडायचं. छाप येतोय की! आत्याबाई, म्हंजी माझी सासू, एकदा बघून वरडलीच, बायामाणसानं सुताराची हत्यारं धरायची? पुन्ना दिसली तर हिरीत टाकीन. आन् ती बोलती तसं करती. आबांच्या हातच्या पटाश्या त्या, आबा तर ऱ्हायलं न्हाईत, मी त्या ज्वारीच्या कणगीत लपवल्या.

मामंजी तेवढं माझ्या बाजूचं. गालावर मस, मिशी पांढरी, हसलं की डोळं मिटायचं. बाजारास्नं आलं की पुड्याचा कागद सरळ करून गपचिप माझ्या हातात द्यायचं. दुष्काळाच्या साली तापानं गेलं. आन् घरात त्यांचा फोटू न्हाई बघा, एक बी न्हाई. मी म्हणलं, त्यांचं तोंड इसरायच्या आत कोरायचं. पर एवढी मोठी फळी कुठली? रुखवतात आबांनी सागवानी पोळपाट दिलेलं, बिनपायाचं, दोन्ही अंगानं सारखं. आमच्यात रोज भाकरी, ती परातीत थापायची, पोळपाट निघायचं सणाला. दिवाळीपतूर कोण बघतंय, म्हणून एका अंगावर मामंजी कोरलं. आन् म्हाळच इसरले मी! पितरांचं जेवण, मामंजींचाच पयला म्हाळ, चपात्या लागणार न्हाईत व्हय?

पाणी घेऊन आले तर आत्याबाई चुलीम्होरं बसलेली. तिचं डोळं अधू, सैपाकघर अंधारं, पीठ भुरभुरलं की कोरलेलं कुठं दिसतंय? तिनं चपाती लाटली, उचलली, तव्यावर टाकाय हात नेला आन् तिथंच थांबली. चपातीवर मामंजी! मिशीसकट, मसासकट. माझ्या हातातनं कळशीच पडली. सोप्यात भावकी जेवाय बसलेली, आन् हिच्या हातावर मेलेला नवरा. मला वाटलं, गेल्या पटाश्या हिरीत, आन् मागनं मी बी.

ती वरडली न्हाई. आवं, त्याचंच जास्त भ्या वाटलं. तवा धुपाय लागला तरी ती नुसती बघतीय. मग बारीक आवाजात म्हणली, ह्यांना तव्यावर कसं टाकू गं?

मग तिनंच इचारलं, कागदावर उतरत्यात का? मी म्हणलं, उतरत्यात. मग उतरव की, बसलीस काय! भावकी भुकेली ठेवून तिथंच काजळी घोटली आन् छाप काढला. निवदाचं पान त्या छापाम्होरं ठिवलं. हत्यारं कुठं हाईत, म्हणली. म्हणलं, कणगीत. तर म्हणती, गंजतील तिथं, देव्हाऱ्याजवळ ठेव.

त्याला झाली आता चार-पाच सालं. पोळपाट भितीला टांगलंय, चपात्या मी दुसऱ्यावर लाटती. फोटू नसलेल्या घरची माणसं येत्यात, आमच्या म्हाताऱ्याचं नाक असं हुतं, कपाळ तसं हुतं सांगत्यात, मी कोरती. पांग फिटलं म्हणायचं.

पर परवा आत्याबाईनं काय बोलावं? माझं बी तोंड कोर, त्यांच्याच शेजारी. मी म्हणलं, आत्याबाई, जागा कुठं हाय? सगळं पोळपाट मामंजींनीच भरलंय.

तर म्हणती, कडंला कोर की. जलमभर मी कडंलाच बसले.

पटाशी हातात घेऊन बसलीया बघा तवापास्नं. हातच चालंना.