घासलेली परात

कोनित्साच्या स्टँडवर यानिनाची बस लागली होती. रांगेत माझ्यापुढे दोन शेजारणी. एकीच्या हातात यानिनात कॉलेजला असलेल्या मुलाला पाठवायची, पालक भरून भाजलेल्या पिटाची गरम परात, दुसरीच्या हातात त्याच बसनं आत्ताच परत आलेली पहिलीचीच गेल्या आठवड्याची रिकामी परात.

"लांब्रिनी, बघ की ही! आरसा झालाय नुसता."

"तेच म्हणते मी. माझ्या पोरानं जन्मात भांडं घासलेलं नाही, अग्लाया."

"शिकला असेल गं."

"कडेचं करपलेलंसुद्धा निघालंय. माझ्याकडून नाही निघालं कधी ते."

"अगं बाई! म्हणजे...?"

"अरे थिमिओस, तिकडे तुझ्या बसमध्ये परात आणून कोण देतं रे?"

"काकू, मी बस चालवतो, सोयरिकी जुळवत नाही."

"म्हणजे आहे कुणीतरी! दिसायला कशी आहे?"

"आधी ती परात द्या. डिकीत ठेवतो, निघायचंय मला."

"डिकीत नको, माझ्या मांडीवर राहील. एक तिकीट दे."

"लांब्रिनी! आणि घरी नवऱ्याचं जेवण?"

"पाव आहे, चीज आहे, खा म्हणावं. आणि खाल्लेली ताटली घासून ठेव म्हणावं, घरात सून येतेय."