चमच्याशेजारचा घोडेस्वार

(समोरची खोली. खिडकीपाशी रंगकामाचं टेबल, भिंतीला काचेचं कपाट, त्यात रंगवलेले छोटे शिशाचे शिपाई. टेबलाशी मास्तर, दारात त्यांची थोरली बहीण आक्का.)

मास्तर : मांजर? आक्का, मांजर येतं, किल्ली शोधतं, कपाट उघडतं, शिपायाच्या चिलखताला तपकिरी रंग देतं आणि कपाट पुन्हा बंद करून जातं?

आक्का : मग मला कशाला विचारतोस? मी त्या कपाटाला फडकंसुद्धा लावत नाही. एकदा लावलं होतं, तर कुणाचा तरी भाला वाकला म्हणून तू दिवसभर जेवला नाहीस.

मास्तर : हे बघ. हा निशाणवाला घोडेस्वार. काल सकाळी याचं चिलखत मी पुरं केलं. थंडगार पोलाद! आणि आज बघतो तर छातीवर, टोपावर, ढालीवर, सगळीकडे तपकिरीचा पातळ हात फिरवलेला. गंज चढल्यासारखा दिसतोय.

आक्का : मला तर बरा दिसतोय.

मास्तर : तुला काय कळतंय!

आक्का : तेच म्हणते मी. अंगठ्याएवढ्या माणसांना कपडे चढवण्यात तुझा जन्म गेला, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण जिवंत माणसं कळतात. ती तुझ्या शिकवणीतली मुंगी...

मास्तर : मुंगीचं नाव काढू नकोस.

आक्का : का नको? दुपारी तू डुलकी काढतोस, मी मागे कपडे वाळत घालते, आणि ही बया शिकवणीच्या कितीतरी आधी येऊन बसते. किल्ली तू ब्रशांच्या बरणीखाली ठेवतोस, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

मास्तर : बाकीची पोरंही येतात की.

आक्का : बाकीची पोरं येतात, रंग सांडतात, भांडतात आणि जातात. ही गप्प बसून बघत असते. गप्प बसून बघणारं पोर मला आधीपासून भरवशाचं वाटत नाही.

मास्तर : बघते म्हणून तर तिला पोलाद रंगवायला शिकवतोय. बाकीच्यांना अजून साधं लाकूड जमत नाही.

आक्का : मग झालं तर. अर्धवट शिकलीय आणि तुझ्याच घोडेस्वारांवर हात बसवतेय.

मास्तर : असं असेल तर फार वाईट झालं, आक्का. उद्या संग्रहालयाच्या बाई यायच्यात. हे घोडदळ त्यांना पसंत पडलं तर त्या मोठ्या दालनातली सबंध लढाई मी रंगवायची. नाही पडलं तर माझं काम संपलं म्हणून समज. मागच्या खेपेला पायदळ बघून काय म्हणाल्या आठवतंय ना? "मास्तर, तुमचे शिपाई बर्फाचे वाटतात."

आक्का : त्यांना अक्कल नाही, असं तू म्हणालास.

मास्तर : नाहीच आहे. हल्ली कुणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही. रंगवाला पांढऱ्यात भेसळ करतो. परवा नवी डबी उघडली, तीसुद्धा पिवळट! बल्ब बदलून आणला, तोही पिवळा. आणि तू...

आक्का : मी? मी काय केलं?

मास्तर : हा खिडकीचा पडदा. धुतलास म्हणतेस. चहात बुडवल्यासारखा दिसतोय.

आक्का : नीळ घालून धुतलाय तो! दोनदा! मनगटं गेली माझी. आधी म्हणालास नीट खळबळला नाही, मग म्हणालास साबण हलका आहे. आता म्हण, आक्कानंच रातोरात डाग पाडले.

मास्तर : श्श. फाटक वाजलं. तू मधे बोलू नकोस. मी तिच्या तोंडून बरोबर काढतो.

मुंगी : मास्तर, आत येऊ?

आक्का : ये, ये. आज अगदी विचारून?

मुंगी : रोजच विचारते, आक्का. रोज कुणी ऐकायला नसतं.

मास्तर : बस. हा टोप घे, काल अर्धा राहिलेला. हात चालव आणि तोंडानं सांग, काय काय शिकवलंय?

मुंगी : धातूला स्वतःचा रंग नसतो. जे समोर असेल तेच तो दाखवतो.

मास्तर : आणि रुपेरी रंगाची डबी?

मुंगी : ती आळशी माणसाची. आपण करडा, पांढरा, काळपट असे साधे रंग घेऊनच पोलाद करायचं.

मास्तर : कसं?

मुंगी : लाकडावर उजेड हळूहळू उतरतो, पोलादावर तो उडी मारतो. म्हणून काळपट रेघ काढली की तिला खेटून लगेच पांढरा ठिपका. मधे काही नाही. ठिपका बारीक हवा. मोठा झाला की पोलादाचं प्लास्टिक होतं.

मास्तर : आणि शंका आली तर?

मुंगी : चमचा.

मास्तर : सबंध सांग.

मुंगी : शंका आली तर स्वयंपाकघरातला स्टीलचा चमचा आणून शेजारी ठेवायचा. मनाला विचारायचं नाही, चमच्याला विचारायचं. मन आपल्या बाजूनं बोलतं.

आक्का : तरीच माझे चमचे जागेवर नसतात!

मुंगी : पण मास्तर, तुम्ही स्वतः कधी चमचा घेत नाही.

मास्तर : मला लागत नाही. पोलाद माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. बरं, ती तपकिरी रंगाची बाटली दे इकडे.

मुंगी : ही घ्या.

मास्तर : अर्धी झालीय. घोडदळाला मी तपकिरी वापरलेला नाही.

मुंगी : कुणीतरी सांडला असेल.

मास्तर : सांडला असता तर टेबलावर डाग असता. हात दाखव. असे नाही, पालथे. नखांत काय आहे हे?

मुंगी : बुटाचं पॉलिश.

आक्का : पायात तर चपला आहेत गं तुझ्या.

मुंगी : बाबांचे बूट. मी करून देते पॉलिश.

आक्का : बाबा बाहेरगावी गेलेत म्हणालीस ना काल? बूट घरी ठेवून अनवाणी गेले?

मास्तर : आक्का, मी विचारतोय ना! मुंगे, माझ्याकडे बघ. निशाणवाल्याला हात लावलास?

मुंगी : मी खराब नाही केला.

मास्तर : हात लावलास का, एवढंच विचारतोय.

मुंगी : हो.

मास्तर : आणखी कुणाला?

मुंगी : पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना.

मास्तर : सगळ्यांना! अगं, सराव करायला तुला शिशाचे मोडके शिपाई डबाभर दिलेत.

मुंगी : सराव नव्हता तो.

मास्तर : मग काय होतं? कुणी सांगितलं तुला? त्या खेळण्यांच्या दुकानातल्या पेंटरनं? त्याचाही डोळा आहे या कामावर. येता-जाता तुला गोळ्या देतो, मी बघितलंय.

मुंगी : गोळ्या तो सगळ्यांना देतो. मला कुणी काही सांगितलं नाही.

मास्तर : मग तूच सांग.

मुंगी : नाही सांगता येत.

मास्तर : का?

मुंगी : मागे एकदा सांगितलं तर तुम्ही रागावलात. नव्या डबीतला पांढरा मला पांढराच दिसतो म्हटलं, तर म्हणालात, "एवढाही रंग ओळखता येत नसेल तर जाऊन मातीत खेळ."

मास्तर : म्हणालो असेन. त्याचा इथे काय संबंध? माझ्या पाठीमागे माझ्या कामाला हात लावतेस, खोटं बोलतेस, वर माझंच उणं काढतेस? ब्रश ठेव खाली. उद्यापासून यायचं नाही.

आक्का : अरे, अरे! एकदम असं काय?

मास्तर : तूच म्हणत होतीस ना?

आक्का : मी चौकशी कर म्हटलं, हाकलून दे नाही म्हटलं. मुंगे, बोल गं बाई काहीतरी. तो ब्रश धुवायची घाई नको.

मुंगी : हा ब्रश तुम्ही दिलेला होता. धुऊन ठेवलाय. टोक मोडलेलं नाही. मास्तर, जाण्याआधी एक शंका आहे.

मास्तर : विचार.

मुंगी : तुम्हाला नाही. चमच्याला विचारायची आहे. आक्का, एक चमचा द्याल?

आक्का : हा घे. आत्ताच घासलाय.

मुंगी : हा बिगुलवाला मागच्या रांगेतला. याला मी बोटसुद्धा लावलेलं नाही, शप्पथ. याच्याशेजारी चमचा ठेवते. बघा.

मास्तर : आक्का, चमचा कळकट आहे.

आक्का : कळकट? माझं तोंड दिसतंय त्यात!

मास्तर : पिवळट मारतोय. दुसरा आण.

आक्का : हा घे दुसरा. हा तिसरा. ही पळी. झाकण आणू? सगळं स्वयंपाकघर मांडते इथे.

मास्तर : सगळीच पिवळट दिसतात.

मुंगी : आता बिगुलवाला उचलते आणि तिथे निशाणवाला ठेवते. खराब झालेला.

आक्का : काय रे? असा पुढे काय वाकलास?

मास्तर : थांब जरा. ते भिंग दे.

आक्का : घे. काय दिसतंय?

मास्तर : हा चमच्यासारखा दिसतोय.

आक्का : कोण? तुझा बिगुलवाला?

मास्तर : निशाणवाला. मुंगीचा. आक्का, या बिगुलवाल्याचं चिलखत तुला कुठल्या रंगाचं दिसतं?

आक्का : मला काय कळतंय तुझ्या...

मास्तर : कळत नाही, म्हणूनच विचारतोय. दिसतं ते सांग.

आक्का : निळं.

मास्तर : म्हणजे पोलादात असते तशी निळसर छटा?

आक्का : छटा कसली? निळं म्हणजे निळं. माझ्या निळीच्या पाण्यात पडल्यासारखं. मला वाटलं, हल्ली तुला तसंच आवडतं.

मास्तर : मुंगे, हे केव्हापासून?

मुंगी : पायदळापासून. तेव्हा थोडं होतं. घोडदळात खूप झालं.

मास्तर : आणि तू ते झाकत होतीस.

मुंगी : मागच्या खेपेला त्या बाई फाटकाशी सोबतच्या माणसाला म्हणाल्या, "पुढचा संचही असाच निघाला तर काम दुसरीकडे देऊ." मी तिथेच चप्पल घालत होते. तुम्हीच शिकवलंत ना, निळा जास्त झाला तर त्याच्यावर पातळ तपकिरी फिरवायचा, म्हणजे तो बसतो. मी तेवढंच केलं. मागची रांग राहिलीय.

मास्तर : मला का नाही सांगितलंस?

मुंगी : कसं सांगणार? तुम्ही म्हणता पांढरा रंग पिवळा, बल्ब पिवळा, पडदा पिवळा. सगळंच पिवळं म्हटल्यावर मग...

आक्का : राहू दे मुंगे, पुढचं मी बघते. अरे, चष्मा काढ. डावा डोळा झाक आणि पडद्याकडे बघ.

मास्तर : पिवळा.

आक्का : आता उजवा झाक.

मास्तर : पिवळाच. पण कमी.

आक्का : पडदा एकच आहे रे.

मास्तर : म्हणजे मला पिवळं दिसत होतं, म्हणून मी निळा वाढवत गेलो. आणि तो रंगवाला बिचारा...

आक्का : भेसळ करत नाही. दोनदा त्याच्या दुकानात जाऊन भांडून आलास. आपल्या आईचं आठवतं का? मोतीबिंदू काढून घरी आणली तर दारातच म्हणाली, "मी नसताना भिंतींना रंग कुणी दिला?" रंग कुणीच दिला नव्हता.

मास्तर : आठवतं. आपण हसलो होतो तिला.

आक्का : मी अजून हसलेली नाही, ते लक्षात ठेव. उद्या त्या बाई जाऊ देत, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी बरोबर येणार. एकटा पाठवला तर वाटेतून परत येशील.

मुंगी : मी जाऊ, मास्तर?

मास्तर : कुठे निघालीस?

मुंगी : तुम्ही येऊ नकोस म्हणालात.

मास्तर : उद्यापासून म्हणालो. आजची शिकवणी व्हायचीय. ब्रश उचल.

मुंगी : आणि उद्या?

मास्तर : उद्या बाई येतील तेव्हा तू इथे या टेबलाशी बसायचंस. हे पोलाद कुणाचं, असं त्यांनी विचारलं तर मी दोघांची नावं सांगणार. आणि माझ्या डोळ्यांचंही सांगणार. मग काम द्यायचं की नाही ते त्या ठरवतील.

मुंगी : नाही दिलं तर?

मास्तर : नाही दिलं तर नाही. बिगुलवाला घे. तू म्हणशील तिथे तपकिरी फिरवू. मात्र यापुढे माझ्या पाठीमागे नाही, माझ्यासमोर.

मुंगी : हो. बुटाच्या पॉलिशचं खोटं होतं.

मास्तर : ते कळलं आम्हाला. आणखी एक. निशाणवाल्याच्या टोपावर तू चूक केली आहेस.

मुंगी : कुठे?

मास्तर : तो पांढरा ठिपका. मोठा झालाय.

मुंगी : प्लास्टिक?

मास्तर : प्लास्टिक. तेवढं अजून दिसतं मला.

आक्का : चला, मी चहा टाकते. माझे चमचे तेवढे परत करा.

मास्तर : एक इथे राहू दे. आणि आक्का...

आक्का : आता काय?

मास्तर : पडदा चांगला निघालाय हो.