उताणं पडून घेतलेली मापं

...आणि वर काय म्हणालो मी त्या माणसाला? ‘ड्रॉइंग वाचता येत नाही तर वर्कशॉप कशाला उघडलंत?’ चारचौघांत! साठीच्या माणसाला! लाज वाटते हो, पण सांगतो... थांबा, पहिल्यापासूनच सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्याला झालंय काय.

आमच्या बाबांची त्र्याऐंशी सालची गाडी. गिअरबॉक्स गेलेला, चार वर्षं डोंबिवलीत बिल्डिंगखाली उभी, टपावर मांजरं बाळंत होतायत... आणि बाबा ऐंशीचे, गुडघे गेलेले, पण हट्ट एकच, ‘केदार, या नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला माझ्या गाडीतून ने. पुढच्या वर्षीचं कोणी सांगितलंय?’ आता यावर काय बोलणार? म्हटलं, नेतो! मेकॅनिकल इंजिनिअर ना मी! बावीस वर्षं हाताला ग्रीस लागलेलं नाही, पण डिग्री आहे!

दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स मिळवला. बसला! पण त्याला खालून उचलून धरणारी आडवी लोखंडी पट्टी असते, क्रॉसमेंबर म्हणतात, ती जुनी जुळेना. म्हणून गाडी ओढत नेली शहाडला, भिवाभाऊंच्या वर्कशॉपवर. मी गाडीखाली शिरलो, उताणा पडलो, मापं घेतली आणि असं ड्रॉइंग काढलं, तुम्हाला सांगतो... रंगीत प्रिंट, वर लॅमिनेशन! भिवाभाऊ बघतच राहिले. म्हणाले, ‘साहेब, मापं झोपून घेतली ना? मी एकदा पुठ्ठा कापून लावून बघू?’ पुठ्ठा! हसलो हो मी. म्हटलं, ‘पुठ्ठा शाळेतल्या हस्तकलेला. तुम्ही ड्रॉइंगप्रमाणे करा.’ लाज वाटते हो, पण सांगतो.

झाली पट्टी. लावायला गेलो, तर सायलेन्सरच्या पाइपासाठी पट्टीला ठेवलेला बाक एकीकडे आणि पाइप दुसरीकडे! फिरवून लावावी तर बोल्टची भोकं मागे जातात! अष्टमी तीन दिवसांवर, बाबा तिथंच खुर्चीवर बसलेले... आणि सुटला माझा तोल. जे बोललो ते मघाशी सांगितलंच, पुन्हा वदवून घेऊ नका.

आणि तावातावाने गाडीखाली शिरलो, त्यांची चूक दाखवायला! पाइप माझ्या डाव्या हाताला. ड्रॉइंगमध्येही डावीकडे. बघा! म्हटलं, बरोबर कोण? बाहेर आलो, ड्रायव्हरच्या सीटवर बसलो... आणि पाइप उजवीकडे गेला. अहो, मी उताणा पडलो होतो ना! माझं डावं ते गाडीचं उजवं!

तेव्हाच बोलायचं ना? तोंड उघडलंही मी, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘अहो भिवाभाऊ, पोराने एवढ्या मेहनतीने काढून दिलं, जरा नीट बघायचं होतं.’ आणि भिवाभाऊ? ‘चुकलं काका. उद्या दुसरी देतो.’ आणि मी? मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. पायात चपला होत्या! लाज वाटते हो...

दुसऱ्या दिवशी पट्टी तयार. पुठ्ठा कापून! चपखल बसली. अष्टमीला निघालो, तर बाबा प्रत्येक सिग्नलला काच खाली करून शेजारच्या रिक्षावाल्याला, ‘मुलाने बनवलीय, इंजिनिअर आहे!’ देवीसमोर सगळे वर बघत हात जोडून उभे, मी एकटा फरशीकडे बघतोय.

शेवटी सांगून टाकलं बाबांना. तर म्हणाले, ‘चूक तुझी, आणि मी त्या माणसाला बोललो रे.’ एवढंच. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं!

गेलो शहाडला, पेढे घेऊन. म्हटलं, ‘भिवाभाऊ, चूक माझी होती.’ ते काम न थांबवता म्हणाले, ‘ठाऊक आहे की. ड्रॉइंग बघितलं तेव्हाच कळलं.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘बोललो ना. तुम्ही हसलात. मग वडिलांसमोर कशाला बोलायचं?’

असं म्हणून त्यांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. चार लोखंडी पट्ट्या, सगळ्या उलट्या बनलेल्या! तिन्हींवर खडूने लिहिलंय, ठाणे इंजिनिअर, कल्याण इंजिनिअर, मोहने इंजिनिअर... चौथी माझी, अजून कोरी. भिवाभाऊंनी पेढा तोंडात टाकला, माझ्या हातावर खडू ठेवला. ‘नाव तुम्हीच घाला साहेब.’

काय करणार? घातलं. अक्षर मात्र अगदी सुबक आलं हो, एका रेषेत... चार वर्षं ड्रॉइंगच्या तासाला बसल्याचा तेवढा तरी उपयोग झाला म्हणायचा!