बराखीतली निवड

—म्हंजे पोरीच्या अंगातलं ते प्रोटीन पार नासलेलं नव्हतंच, असं म्हणता ना, डॉक्टरबाई? जरा वाकडं घडलंय, पण निम्मं काम करतंय—आन् पेशीतली ती साफसफाईवाली मंडळी त्याला खराब समजून तोडून टाकत्यात. मंग अंगात जोर कुठून येणार? नाय येणार. आमच्या तेजस्विनीच्या पापण्या दुपारीच मिटाया लागत्यात, चार पायऱ्या चढवत न्हाईत, आन् वय एकोणीस. त्या तोडणाऱ्याला जरा आवरलं तर—व्हय व्हय, औषध अजून नाय, समजलं, आधी तिच्या कातडीचा बारका तुकडा पायजे, तपासाया. आमी काय येडे न्हाई. ह्या निमगावात कांदा साठवायच्या समद्या बराखीत हेच चालतं. हाताला जरा मऊ लागला की कांदा बाहेर. कापून बघत न्हाई कुणी. वरचा एक पापुद्रा गेलेला असतो, आत चांगला खाण्याजोगा—पण शेजारचे नासतील ह्या भ्यानं उकिरड्यावर. वास येतोय ना? झाका नाक, खुशाल झाका. मला तर ह्या निवडीचीच किळस येती.

आन् माणसं तरी काय येगळी? गेल्या साली दसऱ्याच्या आधी थोरल्या समृद्धीला बघाया पावणं आले, बागायतदार. पयलं काय विचारत्यात? घराण्यात आजार न्हाई ना. हलकट रीत. एक पोरगी मऊ लागली की दुसरीबी नासकीच धरायची. म्हणून तेजस्विनीला सकाळीच हितं आणून बसवलं, पोतं टाकून—पावणं जाईपातूर कांदे निवड म्हणलं. —कुणी म्हंजे? घरच्यांनी. —आता घरात माणसं किती, बाई. मीच. ह्या बापानंच आणली, खांद्याला धरून. आन् पलीकडं ओट्यावर त्यांनी विचारलं, पोरी किती, तर मी म्हणलं, एकच. ह्या बराखीला भिंत कुठंय? बांबूच्या पट्ट्या हैत. वारा जातो, तसं बोलणं बी जातं.

समृद्धीचं लगीन झालं. तवापास्नं ही माझ्या हातचं पाणी घेत न्हाई. मला माझीच शिसारी येती, खरं सांगतो. त्या तुकड्यासाठी तुमच्या कागदावर सही तिचीच लागणार ना? माझी नाय चालत? —बरंय.

ती बघा, मागच्या अंगाला बसलीय. रोज येती, आपणहून. मी बाहेर टाकलेला एकेक कांदा कापून बघती, चांगला तेवढा टोपलीत ठेवती. मला सांगितलं तसंच तिला सांगा. न्हाई, मी न्हाई येत. माझं नाव निघालं तर ती सही करायची न्हाई. जावा तुमी.