काठोकाठ पियाला

गेलेल्या बायकोचं पांघरूण कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून एर्गाश उझबेकिस्तानातल्या नमनगानच्या डायलिसिस केंद्रात आला होता. शेजारच्या बाकावर एक आई आणि तिची लेक बोलत होत्या.

"आई, माझ्या होणाऱ्या सासरी तुम्ही काठोकाठ चहा मागितलात? भरलेला पियाला 'आता निघा' म्हणून देतात."

"थोडा थोडा ओतून तुझ्या सासूबाई पुन्हा पुन्हा भरत राहिल्या असत्या. मला एवढं पाणी चालतं का? एकदाच घेतला आणि सुटले."

"मग आजार सांगायचा."

"आणि सोयरीक मोडून घ्यायची?"

"मी सांगितला. सकाळी सासूबाईंना फोन केला."

"काय केलंस हे पोरी. रागावल्या?"

"नाही. हा आजार आईकडून लेकीला होतो का, एवढंच विचारलं."

"नाही म्हणालीस ना?"

"डॉक्टरांना विचारून सांगते म्हणाले."

"विचारू नकोस."

"लग्न मोडेल म्हणून?"

"लग्नाचं सोड. तुझी आजी, माझी आई, कशानं गेली?"

"म्हातारपणानं. तुम्हीच सांगितलंत."

"तिचेही पाय माझ्यासारखेच सुजायचे."

आतून नर्सनं हाक मारली, "सलोमत-आपा."

"उठा आई, तुम्हाला बोलावलंय. मीही येते. माझंही रक्त तपासा म्हणते."